वरून दिसणारं खळं

विद्यापीठात जीआयएस, म्हणजे सॅटेलाइटच्या फोटोंवरून कॉम्प्युटरवर नकाशे बनवायला, शिकणाऱ्या श्वेताने चारकोपच्या खाडीकाठचा नकाशा स्क्रीनवर उघडला. तिच्या कोळीवाड्याचं मासळी सुकवायचं खळं कॉम्प्युटरने ‘रिकामी जमीन’ म्हणून पिवळं रंगवलं होतं. यंदा जाळ्यात बोंबीलच येत नव्हता, म्हणून सुकवणीचे बांबू उघडे पडले होते. सॅटेलाइटला काय, वास थोडाच येतो!

“सर, ती जागा रिकामी नाही हो. आमचं पोट आहे त्याच्यावर.”

“सॅटेलाइटला दिसेल तेच धरायचं. मनाने रंग भरायचे नाहीत,” सर म्हणाले. “पुढच्या आठवड्यात नकाशा शहराच्या विकास आराखडेवाल्यांकडे जाणार आहे. त्यांना टॉवरसाठी रिकाम्या जागाच हव्यात.”

सॅटेलाइट मंगळवारी सकाळी पुन्हा वरून जाणार होता. श्वेता घरोघरी फिरली, बायकांच्या हातापाया पडली. मंगळवारी अख्ख्या कोळीवाड्याने कपाटं उपसली. लुगडी, साड्या, चादरी, जे हाताला लागलं ते बांबूंवर चढलं. तिच्या आईने, मालनने, तर लग्नातला शालूही पसरला. खळ्यात बोट ठेवायला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिने नवा फोटो कॉम्प्युटरला दिला. नकाशा रंगत असतानाच आईचा फोन आला.

“काय गो, दिसलं काय आमचं खलं?”

श्वेताने स्क्रीनकडे पाहिलं. पिवळा रंग गेला होता. त्या जागी आता लाल रंग होता, आणि कॉम्प्युटरने त्याला नाव दिलं होतं, ‘झोपडपट्टी’.