सब्ज्याचा पेला

श्रीरामपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मनकर्णाचे फोड नुसते पाहिले आणि सांगितलं, "ही उष्णता नाही गं, देवीचा कोपही नाही. ज्याला हा रोग आहे त्याच्याशी संग आला की लागतो. नवऱ्यालाही तपासायला घेऊन ये."

दाराबाहेर उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला, काकासाहेबाला, त्यातलं फक्त 'संग' तेवढं नीट ऐकू आलं. लगेच त्यानं वस्तीवर पंच बोलावले, सासऱ्याला, म्हणजे मनकर्णाच्या बापाला, बोलावलं. पंचांसमोर नवऱ्यानं काडी मोडली की बायको सुटली, असा एकाहत्तर सालीही तिथला रिवाज होता. एका हातात काडी, दुसऱ्या हातात सब्ज्याचा पेला धरून हा मिशीवाला बाजेवर असा बसला, जणू गावातली सगळी अब्रू याच्याच घरी राखणीला ठेवली होती.

"बाई बाहेरख्याली हाय," तो म्हणाला. "डाक्टरनीनंच सांगितलंय, असले फोड दुसऱ्याकडनं लागत्यात."

सासऱ्यानं खालमानेनं विचारलं, "आन् पाव्हनं, तुमाला न्हाई ना काई झालं?"

"मला हिच्याकडनं काय हुतंय? माजे फोड लग्नाच्या आदीपासनं हायेत! निव्वळ उष्णता. वर्सातनं दोन-तीनदा येत्यात, सब्जा प्यालो की बसत्यात. इचारा हिला, हीच तर भिजवून देती!"

पंच एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले.



मनकर्णानं त्याच्या हातातली काडी काढून घेतली, कटकन मोडली आणि दोन्ही तुकडे त्याच्या सब्ज्याच्या पेल्यात टाकले.