सोळावा सेकंद

पडद्यावरच्या मुलीने मान वळवली, केस हवेत उघडले, सावकाश खांद्यावर येऊन विसावले आणि चित्र थांबलं. बरोबर पंधरा सेकंद. कोपऱ्यात बसलेल्या मिझुएचा टेपवरचा आवाजही तिथेच तुटला.

सगळे शाम्पू कंपनीच्या नागासेसाहेबांच्या तोंडाकडे बघत होते. सकाळपासून याच केसांवर त्यांनी दोन गायिकांची गाणी वाजवून बघितली होती आणि दोन्ही परत पाठवली होती.

"पुढे काय होतं?" त्यांनी विचारलं.

"पुढे मुलगी हसते, साहेब, आणि बाटली—" मशीनवरचा माणूस सांगू लागला.

"मुलीचं नाही हो. गाण्याचं विचारतोय. पुढे गाणं कुठे जातं?"

गाणं कुठेच जात नव्हतं. होतं ते एवढंच. आधी केसांपुरतं पंधरा सेकंद गायचं, जाहिरात टीव्हीवर लागली आणि लोक दुकानांत 'ते शाम्पूचं गाणं द्या' म्हणू लागले, की मग उरलेलं लिहायला बसायचं, अशी या धंद्याची रीत. पण नागासेसाहेब साबणाच्या खात्यातून याच वसंतात बदलून आलेले. त्यांना ही रीत कोण सांगणार? आणि गिऱ्हाईकाला 'नाही' म्हणणं रेकॉर्ड कंपनीच्या कागावांच्या रक्तातच नव्हतं.

"तयार आहे की, साहेब!" कागावा म्हणाले. "सगळं गाणं तयार आहे."

मिझुएने चमकून त्यांच्याकडे बघितलं. ते तिच्याकडे बघायला तयार नव्हते.

"मग ऐकवा," नागासेसाहेब खुर्चीत मागे रेलले. "अर्धवट गोष्ट घेऊन मी वरच्यांकडे कसा जाऊ?"

मिझुए उठली. तिच्या आधीच्या दोन रेकॉर्डी पडल्या होत्या. डिसेंबरात कागावांच्या कंपनीशी असलेला करार संपत होता आणि आता जाहिरातीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'मिझुए ओनोदेरा' हे नाव झळकलं तरच तो पुढे चालणार होता. नाहीतर गावी, निइगाताला जाऊन भावाच्या लाँड्रीत शर्टांना इस्त्री करायची. वहिनीने वरची खोली झाडूनही ठेवली होती. वहिनी फार चांगली होती, त्याचीच मिझुएला जास्त भीती वाटायची.

तिने सुरुवात केली. साथीला काही नाही, समोर माईकसुद्धा नाही. ती खोली चित्रं जोडायची, तिथे माईक कशाला असेल? पंधरा सेकंद नेहमीच्या वाटेने गेले. मग अंधारात जिना उतरताना पायरी संपावी, तसा सोळावा सेकंद आला.

तिचा आवाज थांबला नाही. शब्द धड नव्हते, कुठे नुसता आकार, कुठे अर्धी ओळ. पण चाल वर चढली, एका जागी घुटमळली, आणि तिने स्वप्नातही न योजलेल्या ठिकाणी जाऊन उतरली. आपणच गातोय यावर तिचा विश्वास बसेना. दहा वर्षं ती याचसाठी या शहरात भाड्याच्या खोल्या बदलत राहिली होती. चहा घेऊन आलेली बाई ट्रे हातात धरून दारातच उभी राहिली.

मिझुए थांबली तसे नागासेसाहेब खुर्चीत पुढे सरकले.

"गाणं पक्कं," ते म्हणाले. "जाहिरातीत काय, पंधराच सेकंद जातील. पण रेकॉर्डवर पुढचं हेच हवं, हं. यातला एक सूर इकडचा तिकडे झाला तरी मला कळेल. शुक्रवारी कॅसेट पाठवा."

कागावा कंबरेत वाकले ते वाकलेच.

बाहेर व्हरांड्यात येताच त्यांनी तिला बाजूला ओढलं. "इतके दिवस कुठे लपवून ठेवलं होतंस गं हे?"

"आत्ताच सुचलं."

"आत्ता? अगं, मग लिहून घे ना पटकन!"

मिझुए गुणगुणली. पंधरा सेकंद झाले. पुढे काही नाही. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच येऊन थांबली.

"नीट आठव."

"आठवतेच आहे, तुम्ही आधी गप्प बसा."

"कुणी टेप केलं असेल का?"

"कशावर करणार?"

लिफ्टमध्ये नागासेसाहेब मध्ये आणि बाकीचे कडेने. मिझुए भिंतीकडे तोंड करून ओठ हलवत होती. तिला आता रडूच फुटणार होतं. खाली उतरेपर्यंत तिने ते पंधरा सेकंद सहा वेळा म्हटले आणि सहाही वेळा तिथेच अडली.

दारात गाडी उभी होती. साहेब आत बसले आणि फुटपाथवर ओळीने उभे असलेले पाचही जण कंबरेत वाकले. पाहुण्यांची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत कुणी डोकं वर काढायचं नसतं. मिझुएला स्वतःचे बूट दिसत होते, शेजारी कागावांचे.

आणि गाडीच्या उघड्या काचेतून तिला ऐकू आलं. नागासेसाहेब गुणगुणत होते. आवाज बसका, सूर जरा उतरलेला, पण तेच होतं. सोळाव्या सेकंदापासून पुढचं. तिने श्वास रोखला. चाल वर चढली, घुटमळली, आणि काच बंद झाली. गाडी निघाली.

मिझुएने डोकं वर केलं.

"डोकं खाली," कागावा वाकूनच दातांतल्या दातांत म्हणाले. "गाडी वळली नाहीये अजून."

ती पळत सुटली होती. "ओनोदेरा! अगं, काय करतेस!" मागून कागावांची हाक आली. कोपऱ्यावरचा सिग्नल लाल होता. उंच टाचांनी ठेचकाळत ती गाडीपर्यंत पोचली आणि काचेवर बोटांनी टकटक केली.

काच खाली आली. नागासेसाहेब तिच्याकडे बघतच राहिले.

"काय झालं?"

तिला धाप लागली होती. समोरचा सिग्नल हिरवा झाला आणि मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"साहेब," ती म्हणाली, "आत्ता जे गुणगुणत होतात ना, ते जरा पुन्हा म्हणता का?"