चढावरची सायकल

“विजेवरच्या एवढ्या सायकलींतून निवडायची कशी?” पावसकरांनी पुन्हा विचारलं. दुकानदाराने मोटर, बॅटरी, ब्रेक सगळं पुन्हा समजावलं, तसे ते आणखी गोंधळले.

“पावसकरा, तू सदरासुद्धा बायकोला विचारून घेतोस,” शिर्के म्हणाले. “आधी चालवून तरी बघ.”

दोघे निवृत्त मित्र रोज सायकलींवरून बाजारात जात. दुकानाजवळच्या चढावर दम लागे, मग उतरून सायकली ढकलत, बोलत वर जायचं. सरकार, सुना, शेजारी, सगळ्यांचा निकाल त्या चढावरच लागे. हल्ली पावसकरांचे गुडघे कुरकुरू लागले, म्हणून ही खरेदी.

त्याच चढावर त्यांनी दुकानातली एक सायकल घातली. पेडल मारतात न मारतात तोच ती त्यांना वर घेऊन आली. खुशीत त्यांनी मागे पाहिलं. खाली शिर्के आपली जुनी सायकल ढकलत येत होते आणि हातवारे करत एकटेच बोलत होते.

पावसकर पडेल चेहऱ्याने दुकानात परतले. “चढावर जरा कमी पळणारी नाही का?”

“काका, लोक उलटं मागतात! ही एक आहे. बटण दाबून शेजारून चालायचं, ती आपल्या चालीने सोबत येते. पण ते बटण कुणी वापरत नाही.”

“हीच द्या.” पावसकर शिर्क्यांकडे वळले. “मघाशी काय सांगत होतास रे?”

“आता पहिल्यापासून सांगावं लागेल,” शिर्के फुरंगटून म्हणाले. “चढ लागू दे.”