तारेचे सहा वेढे

शेषेरावांनी रुमालाची गाठ सोडली आणि आतली वस्तू नाझनीनच्या टेबलावर ठेवली. बोटभर उंचीची, खालीवर स्टील, मधे काच.

"ताई, हे काय हाय तेवढं सांगा. मोटारीचं न्हाई, म्हणून हसू नका."

हदगावच्या बसस्टँडमागं नाझनीनचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तिच्याकडं येत, ती त्यांत नवी तार भरून देई. शेषेरावांची मोटार तिनं दोनदा भरली होती. तिनं चष्मा चढवला आणि वस्तू उलटी करून पाहिली.

"कुठं सापडलं?"

शेषेरावांनी दाराकडं पाहून आवाज उतरवला. "पोरीच्या पिशवीत. ऋतुजा इंजिनिअरिंगला हाय न विष्णुपुरीला. काल सुट्टी संपवून गेली, एक पिशवी इथंच विसरली. तिच्या आईला सापडलं. फोन केला तर म्हणती, मैत्रिणीचं हाय, मी नुसतं ठेवलं होतं."

नाझनीननं वरची टोपी फिरवली. आटे इतके सफाईनं कापलेले होते की तिनं ती उगीचच पुन्हा बसवली आणि पुन्हा काढली.

"सिगारेटचाच प्रकार हाय हा, भाऊ. पण जाळ न्हाई, वाफ. या टाकीत रस भरायचा. खाली बॅटरी बसती, ती यात न्हाई."

"याला बंदी हाय म्हणे."

"हाव. तरी मिळतं."

"गांजाबिंजा तर न्हाई ना?"

नाझनीननं टाकी नाकाजवळ नेली. "खरबुजाचा वास येऊन राहिला. दुसरं काही वाटत न्हाई मला. पण तंबाखूचा अर्क असतो म्हणतात यात."

शेषेरावांनी अर्धाच श्वास सोडला.

काच बाजूला झाली आणि खालची बैठक दिसली. पितळी खांबांच्या मधे तारेच्या दोन चिमुकल्या कॉइल, त्यांच्या पोटातून ओवलेला कापूस. नाझनीननं भिंग घेतलं. मग ती शेषेरावांना विसरलीच. तिनं टाकी जोडून पाण्यानं भरली, कागदावर धरून हलवली. कागद कोरडा राहिला. टाकी पुन्हा उघडून तिनं मीटरची टोकं लावली. आकडा उमटला आणि तिथंच स्थिर राहिला, जोडणी पक्की होती.

"याची खुबी बघा. कॉइल जळाली की काढून टाकायची, घरच्या घरी नवी वळून बसवायची. आपल्या मोटारीवाणीच."

"म्हंजे ही तार कंपनीची न्हाई?"

"न्हाई. ही कुणीतरी हातानं वळली हाय." ती वेढे मोजू लागली. "सहा. इकडं पण सहा. एकाला एक चिकटून, कुठं फट न्हाई. तीस वर्षं तार भरून राहिले मी, पण इतकी बारीक मला जमंल का, सांगता येत न्हाई."

तिनं बैठक उजेडात धरली. कपाळाला आठी पडली.

"गंमत हाय. दोन्ही उलट्या वळल्यात. आपला हात असा फिरत न्हाई. अब्बा हीटरची तार अशी वळायचे. ते डावखुरे होते."

शेषेराव बाकावर बसले. ऋतुजा डाव्या हातानं लिहायची. नाझनीननं मान वर केली, त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.

ते म्हणाले, "छातीला काय करतं हे?"

"मला तारेचं कळतं, भाऊ. छातीचं डॉक्टरला विचारा. पण हे बघा." तिनं चिमट्यानं कापूस ओढून काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. दोन्ही टोकांना पिवळा, मधे कोळशासारखा काळा. "याच्यातून निघालेलं आत जातं."

शेषेरावांनी दुसऱ्या हातानं फोन लावला. कानानं कमी ऐकू यायचं म्हणून स्पीकर सुरूच असायचा. ओरडायचंच असं त्यांनी ठरवलं होतं, पण आवाज निघाला तो हळू.

"ऋतू, तुझी ती मैत्रीण डावखुरी हाय का?"

पलीकडं मेसमधल्या ताटांचा आवाज येत होता. मग एक दार लागलं आणि तोही थांबला.

"कुणाला दाखवलं, बाबा?"

"रिवाइंडिंगवाल्या नाझनीनताईला. कापूस जळालाय म्हणाल्या. माझ्या हातातच हाय, काळाकुट्ट."

शेषेरावांनी फोन तोंडाजवळ आणला.

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून." तिचा आवाज फाटला. "आईला सांगू नका."

"मी न्हाई सांगणार. तूच सांगायचं. रविवारी ये."

"येते."

बोलणं संपलं होतं, पण फोन कुणीच ठेवला नाही. शेषेराव तळहातावरच्या कापसाकडं बघत होते. स्पीकरमधून नाक ओढल्याचा आवाज आला, मग दबकत दबकत प्रश्न आला.

"बाबा... आणि तारेबद्दल? तारेबद्दल काही म्हणाल्या का त्या?"

शेषेरावांनी नाझनीनकडं पाहिलं. ती टेबलावरून फोनकडं वाकली.

"पोरी, रविवारी आधी घरी जा. आईशी बोल. मग इकडं ये. पाच हॉर्सची एक मोटार उघडून ठेवते, तार तू भर."