पंखा पडल्यास कळवावे

टण्ण! फडताळातून डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि सकाळच्या गप्प घरात कितीतरी वेळ गोल गोल वाजत राहिलं. स्टोव्हपुढे बसलेल्या मालननं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि मान गुडघ्यांत घातली.

"आई गो, झाकण होतं ता!" पाच वर्षांची काशी टाळ्या पिटून हसली. "डोकं काय झाकतेस?"

"सवय लागली गो बाय. हापिसात डोक्यावर पंखा असतो ना." मालनही हसली. मग तिनं लेकीची वेणी जरा जास्तच वेळ घातली. आजी सावर्ड्याला लग्नाला गेलेली, बाबा मुंबईला. म्हणून आज काशीही ऑफिसात निघाली होती.

तो पंखा मुळात साहेबांच्या खोलीतला. तो कुरकुरायचा आणि जेवणानंतर साहेबांचा डोळा लागायचा नाही. साहेबांनी नवा पंखा मागवला आणि जुना मोठ्या मनानं बाहेरच्या हॉलला दिला, कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी. बाहेर तो नेमका टायपिस्ट मालनच्या टेबलाच्या वर छताला टांगला गेला. तिथे तो कुरकुरायचाच, वर झुलायलाही लागला. तिच्या केसांत छताचा चुना पडायचा. "वहिनी, लवकर पिकलात हो!" हेडक्लार्क महिपतराव म्हणायचे आणि सगळी टेबलं हसायची.

पंखा बंद करावा तर सगळा हॉल ओरडायचा. रत्नागिरीचा मार्च, घामानं कागद हाताला चिकटायचे. टेबल हलवावं तर हलवण्यासारखी जागा फक्त खिडकीपाशी होती आणि ती महिपतरावांची होती, सेवाज्येष्ठतेनं. शेवटी मालननं अर्ज केला. अर्जावर शेरा पडून आला : "पंखा फिरत आहे. पडल्यास त्वरित कळवावे."

आज ऑफिसात सुरक्षितता सप्ताहाचा समारंभ होता. दादू शिपाई दाराला आंब्याची डहाळी बांधत होता. दाराशेजारच्या बाकावर काशी पाय हलवत बसली होती, मांडीवर डबा घेऊन. मालन साहेबांचं भाषण टाइप करत होती. 'कर्मचारी हीच आमची खरी दौलत. त्यांच्या जिवाला जपणे हे…'

टण्ण!

मालनचे हात आपोआप डोक्यावर गेले. पंख्याच्या दांड्यातला लोखंडी नट सुटून तिच्या कपाळाच्या बोटभर पुढून खाली आला होता आणि थेट टाइपरायटर मशीनच्या पोटात घुसला होता. पंखा वर आता पहिल्यापेक्षा मोठा झोका घेत होता.

क्षणात सगळा हॉल उठला. खुर्च्या सरकल्या. खोलीचं दार उघडून साहेब धावत आले. एवढे लोक आपल्यासाठी धावलेले मालननं बाळंतपणानंतर पहिल्यांदाच बघितले. तिला रडूच आलं.

"फार लागलं का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब, थोडक्यात…"

"तुम्हाला नाही हो! मशीनला!"

महिपतरावांनी वाकून मशीनच्या पोटात बोटं घातली. "अक्षरांच्या दोन काड्या वाकल्यात, साहेब. नवं कोरं मशीन. वरून कुणी तपासायला आलं तर आपली धडगत नाही."

"मग बघत काय बसलाय? हलवा आधी! या असल्या पंख्याखाली सरकारी मशीन ठेवतात? काही जबाबदारी आहे की नाही?"

जी जागा वर्षभर हलत नव्हती, ती महिपतरावांनी चुटकीसरशी मोकळी केली. आपली पानाची चंची आणि चष्म्याचं घर उचलून त्यांनी खिडकीपाशचं टेबल रिकामं करून दिलं. दादूनं आणि आणखी एकानं मशीन उचललं, तान्हं मूल उचलावं तसं, खालून हात लावून. खिडकीपाशी वारा होता. मशीनला वारा नको, म्हणून वर रेक्झिनची गवसणीही घातली.

मालननं डोळे पुसले. पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन ती मशीनच्या मागोमाग निघाली.

"तुम्ही कुठं निघालात?" साहेब म्हणाले. "काड्या दुरुस्त होईपर्यंत तिकडे तुमचं काय काम? भाषण अर्धं राहिलंय. बसा जागेवर आणि पुढचं हातानं लिहा. अक्षर जरा टपोरं येऊ द्या."

"साहेब, पंखा…"

"चालू राहू द्या. स्टाफला उकडेल."

दादूनं मशीनमधून काढलेला नट हातात घेऊन वर बघितलं. "साहेबानू, स्टुलावर चढून बसवू काय? लगेच होयल."

"खबरदार! आपल्या खात्याचं काम नाही ते. आण इकडे तो नट. पुरावा आहे." साहेबांनी नट पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि ते आत गेले. दार लागलं. आतल्या नव्या पंख्याचा आवाजसुद्धा येत नव्हता.

मालन जागेवर बसली. तिनं कोरा कागद ओढला. 'त्यांच्या जिवाला जपणे हे,' तिनं टपोऱ्या अक्षरात लिहिलं. शाई वाळायच्या आत त्यावर चुना पडला. तिनं तो फुंकला.

बाकावरून उतरून काशी टेबलापाशी आली. तिनं आधी वर झुलणाऱ्या पंख्याकडे बघितलं, मग खिडकीतल्या झाकलेल्या मशीनकडे.

"आई, ता मशीन कोणाचं?"

"सरकारचं गो. तू मागे जा. बाकावर बस आधी."

"म्हणून त्याला तिकडे नेलं?"

"हो."

काशी मागे गेली नाही. टाचा उंच करून तिनं आपला छोटासा हात आईच्या डोक्यावर आडवा धरला.

"मग आई, तू कोणाची?"