एका श्वासाचा शंख

पालखी उचलायची वेळ झाली आणि किशनरावांनी मिशीवरून हात फिरवला. शंखाचा मान आज आपल्या घरी येणार, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

गावाची रीत साधी होती. पालखी उचलली की शंख सुरू करायचा, तो ती देवळाच्या दाराबाहेर पडेपर्यंत एका श्वासात वाजवायचा. श्वास तुटला की मान दुसऱ्या घरी. पिढ्यानपिढ्या तो मान नागनाथांच्या घराकडे होता आणि नागनाथांना होता दमा. तरीही दरसाल गाभाऱ्याच्या बंद दाराआडून शंख असा घुमायचा, की दुष्काळाच्या सालीसुद्धा गावाची मान ताठ झाली होती. आत फक्त नागनाथ आणि नैवेद्याचं ताट घेऊन त्यांची बायको चांगुणाबाई. बाकी कुणालाही मज्जाव.

परभणीच्या शिबिरात नागनाथ प्राणायाम शिकून आले होते. रोज पहाटे ते ओसरीवर एक नाकपुडी दाबून बसत. समोर चांगुणाबाईही तशाच. किशनराव पारावर म्हणायचे, "नाक दाबल्याबिगर तोंड उघडत न्हाई म्हणतेत. हितं तर दोघंबी दाबून बसलेत."

औंदा गाभाऱ्यात फरशीचं काम निघालं होतं. शंख बाहेर ओट्यावर, सगळ्यांदेखत वाजणार होता. नागनाथ ओट्यावर चढले तेच खोकत. झाकली मूठ आता उघडणार, किशनराव मनात म्हणाले.

नागनाथांनी शंख कपाळाला लावला आणि चांगुणाबाईंच्या हाती दिला.

"बाईमाणसानं वाजवायचा?" किशनराव पुढे आले. "मान तुमचा हाय."

"मान घराचा हाय. हिचं घर कोणतं, सांगा बरं."

चांगुणाबाईंनी पदर खोचला, डोळे मिटले, पोटभर श्वास घेतला. पालखी खांद्यांवर चढली, शंख घुमला. पालखी दीपमाळेपाशी आली. दारात एका भोयाचा पाय अडखळला, पालखी थांबली. किशनरावांनी नकळत श्वास रोखला, आणि त्यांचाच आधी सुटला. पालखी बाहेर पडली तरी शंख चालूच होता.

मान हातचा गेला होता, पण किशनरावांचा ऊर भरून आला. असा शंख आपल्याच गावात वाजतो, याचा त्यांना अभिमान वाटला.

"वैनी, लय झ्याक," ते म्हणाले. "पण नागनाथरावांची सर न्हाई. गाभाऱ्यातला त्यो आवाज येगळाच."

नागनाथ छाती पुढे काढून हसले.

"गाभाऱ्यातबी हीच वाजवायची, किशनराव. मी नुसतं दार लावून घ्यायचो."