गाडी ओढत नाही

चालकाच्या बाजूचं दार आत चेपलेलं होतं, म्हणून मापारी पलीकडच्या दारानं शिरला आणि सीटवरून सरकत स्टिअरिंगमागे बसला. त्यानं मागची चाकं रोलरवर घेतली, उतरून चारी बाजूंनी पट्टे आवळले. आता ही लाल स्पोर्ट्स कार कितीही पळाली तरी जागची हलणार नव्हती.

डायनामोमीटरवर गाड्यांची ताकद मोजायची हा त्याचा धंदा, म्हणून सगळे त्याला मापारीच म्हणत. एरवी इथे हौशी लोक येतात आणि आकडा घेऊन मित्रांत मिरवतात. आज काचेमागच्या बाकावर एक म्हातारे घड्याळजी आणि त्यांची सून बसली होती. मिरवणारा आता उरला नव्हता.

"पंधरा दिवस माझा पोरगा जीव तोडून सांगत होता, गाडी ओढत नाही," घड्याळजी म्हणाले. "गॅरेजवाला हसला. नाचता येईना अंगण वाकडं, असं तोंडावर म्हणाला त्याला. आणि मग ते झालं."

ते म्हणजे काय, हे मापाऱ्याला फोनवरच कळलं होतं. मुलगा गल्लीतून हमरस्त्यावर निघाला. ट्रक लांब होता. अशा गाडीनं तेवढ्या वेळात रस्ता दोनदा ओलांडला असता, हिनं एकदाही ओलांडला नाही. ट्रकवाला सांगत होता, साहेबांनी उगाच घाई केली. गल्लीतले लोकही तेच बोलत होते. घड्याळजींना एवढंच हवं होतं की दोष गाडीचा निघावा, मुलाचा नको.

"त्यानंतर गाडीला कुणी हात लावलाय?" मापाऱ्यानं विचारलं.

"कुणी नाही. आतलं सामान तेवढं हिनं आणलं. पोलिसांच्या आवारात एकटी गेली, मला येऊ दिलं नाही."

सुनेनं मांडीवरची पर्स जवळ ओढली. "त्याचा चष्मा, कंगवा, असंच काहीबाही," ती म्हणाली.

मापाऱ्याला अशा वेळी काय बोलावं ते सुचत नसे, म्हणून तो कामाचं बोलायला लागला.

"ऑटोमॅटिक गाडीचं जरा नाजूक असतं, काका. पेडल पार तळाला गेलं की खाली एक खटका लागतो. मग गाडी आपणहून दोन गिअर खाली येते आणि झेप घेते. मोजताना ती झेप मधे आली तर आकडे बिघडतात. म्हणून आधी एकाच गिअरमध्ये बांधून इंजिनाची ताकद बघू, झेप नंतर वेगळी बघू. रस्ता ओलांडायला कामी येते ती झेपच."

"आणि पेडल तळापर्यंत गेलंच नाही तर?" सुनेनं विचारलं.

"तर गाडीला कळतच नाही, माणसाला घाई आहे ते."

"त्याचा पाय कुठला हलका," घड्याळजी म्हणाले. "तू तर रोज भांडायचीस त्यावरून."

"रोज सांगायचे, हळू चालव," ती म्हणाली. "ऐकायचा नाही."

समोरचा मोठा पंखा सुरू झाला. गाडी गरजायला लागली तशी काच थरथरली. घड्याळजी पडद्यावरच्या रेषेकडे एक डोळा बारीक करून बघत होते, जन्मभराची सवय. रेषा चढत गेली. मापाऱ्याला मनातून वाटत होतं की आज ती कुठेतरी अडखळावी. त्याला म्हाताऱ्याची फार दया आली होती. पण रेषा कुठेच अडखळली नाही.

तो हात पुसत बाहेर आला.

"कंपनी तीनशे अश्वशक्ती सांगते. चाकांपाशी दोनशे बावन्न मिळाली. गिअरबॉक्स आपला वाटा खातोच, तो धरला की तीनशे भरतात. इंजिनात खोट नाही, काका."

"आणि ती झेप?"

"तीनदा बघितली. पेडल तळाला टेकलं की लगेच घेते."

"परत मोजा."

मापाऱ्यानं परत मोजलं. आकडा तोच आला.

घड्याळजी पडद्यावरच्या आकड्याकडे बघत राहिले. आयुष्यभर लोकांच्या घड्याळांतले दोष चिमट्यानं उचलून काढलेला माणूस. आज एकच दोष हवा होता.

"हात दाखवून अवलक्षण," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे लोक खरं बोलत होते. माझ्याच पोरानं घाई केली. आणि गाडी ओढत नाही, गाडी ओढत नाही, पंधरा दिवस खोटंच सांगत होता." ते रडायला लागले.

मापारी पट्टे सोडायला खाली वाकला.

"सोडू नका," सून म्हणाली.

ती काचेमागून उठून गाडीपाशी आली. पर्स उघडून तिनं चष्मा बाजूला केला, कंगवा बाजूला केला आणि तळातून एक लाकडाचा तुकडा काढला. दोन बोटं जाड असेल. एका अंगाला चिकटपट्टी अजून तशीच होती.

"बाबा, तो खोटं बोलत नव्हता," ती म्हणाली आणि तुकडा मापाऱ्याच्या हातात ठेवला. "पेडलखाली मी जिथे चिकटवला होता तिथेच चिकटवा. आणि आता मोजा."